पहिला कोण उतरणार

खोलवस्ती, तलवाड्याजवळ
६ मार्च २०१६

चि. बिभीषण यास,

आशीर्वाद मागाहून देते. आधी माझं ऐक.

फोन कावून करीत न्हाई म्हणशील. फोनवर तू 'बघू आक्का, मीटिंगमदी हाय' म्हणतोस आन ठिवून देतोस. कागदाला मीटिंग नसते. अंगणवाडीच्या जुन्या रजिस्टरातली कोरी पानं माझ्यापाशी लई हायेत. ती संपंपर्यंत लिहीन.

आपल्या वस्तीखालच्या नाल्यात पंधरा दिवसांपासून तुमच्या कारखान्याचा जेसीबी चालू हाय. पुरुषभर चर खांदून त्यात लोखंडी पाइप टाकीत चाललेत. विहिरीपासून वीस पावलांवर. ही विहीर तुला सांगायला नको. आठवीपासून बारावीपर्यंत तू माझ्याकडं राहून शिकलास, हिचंच पाणी प्यालास.

यंदा काय साल हाय तुला ठाऊक हाय. माजलगावच्या धरणात ढोरं चरायलीत. टँकर चार दिवसांआड येतो, कधी येतच न्हाई. अशा सालात नाल्यात पाइप आला तर माणूस काय समजंल? आमी समजलो पाणी आलं. मेंढरंवाल्या धुळाजीच्या बायकोनं, दगडाबाईनं, पाइपाला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला. बायकांनी ओटी भरली रे त्या लोखंडाची. खांदणाऱ्यांना आमी आमच्या घागरीतल्या पाण्याचा चहा केला. त्यांनी चहा पिला, खोबरं खाल्लं, आन तोंडातून शब्द काढला न्हाई.

काल धुळाजीनं सुपरवायझरला इचारलं, पाणी कवा सोडणार? तो हसला. म्हणला, बाबा, ह्यातून पाणी न्हाई, डिस्टिलरीचा गॅस जाणार.

मी म्हणलं, आमच्या गावच्या नाल्यातून गॅस न्यायला कुणाला इचारलं? तर त्यानं कागद काढला. सभासदांची संमती. एकशेबारा नंबरला माझी सही. सही माझीच हाय, बिभीषण. पण ती मी दिवाळीच्या साखरेला केलती. सभासदाची साखर घेऊन तू स्वतः जीपमधून आलतास. रजिस्टराचं पान वरून दुमडून चिमट्यात धरलेलं होतं. मी म्हणलं भाऊ हाय, भावाच्या हातातलं काय वाचायचं.

कोणता गॅस हाय, ते लिहून कळव. तवर खांदणं थांबव. तू संचालक हायस, आमच्याच गटातून, आमच्याच मतांवर.

तुझी आक्का,
अंजना

*

कारखाना वसाहत
१५ मार्च २०१६

ती. आक्कास सा. न. वि. वि.

पत्र मिळाले. तुझा राग समजू शकतो, पण गैरसमज फार झालेला दिसतो.

हा गॅस म्हणजे कार्बन डायऑक्साइड. सोड्याच्या बाटलीतून बुडबुडे येतात ना, तोच. आपण श्वास सोडतो त्यातही तोच असतो. तो पेट घेत नाही. त्याला वास नाही, रंग नाही. मळी आंबवताना तो आपल्या डिस्टिलरीत तयार होतो आणि आजवर हवेत सोडून देत होतो. आता हायवेवरच्या एका कंपनीशी करार झाला आहे. तिथे तो बाटल्यांत भरतील, सुका बर्फ करतील. अकरा किलोमीटरची लाइन आहे.

पाणी येणार असे कारखान्याने कुणालाही सांगितलेले नाही. लोकांनी आपापले समजून घेतले, त्याला आम्ही काय करणार? सह्यांचे म्हणशील तर वार्षिक सभेच्या ठरावाला सभासदांची पाने जोडण्याची पद्धत आहे. सगळ्यांचीच जोडली, तुझी एकटीची नाही.

आक्का, एक गोष्ट समजून घे. यंदा गाळपाला ऊस नाही. हंगाम अडीच महिन्यांत बंद पडला. कारखान्यावर चारशे माणसे आहेत. हा गॅस विकला गेला तरच डिस्टिलरी चालू राहील आणि ती चालली तरच ही माणसे राहतील. चेअरमन अर्जुनराव रात्रंदिवस यासाठी धडपडत आहेत. एप्रिलमध्ये चाचणी घेऊ. सगळे व्यवस्थित होईल.

दाजींना नमस्कार.

तुझा,
बिभीषण

*

खोलवस्ती
२ एप्रिल २०१६

चि. बिभीषण,

आशीर्वाद अजून देत न्हाई.

तुझं पत्र वाचताना मला वाटलं कारखान्याच्या नोटीस बोर्डावरचा कागद कुणी चुकून माझ्या घरी टाकला. 'लोकांनी आपापले समजून घेतले' म्हणं. हातात नारळ घेऊन बाई पाइपापुढं उभी हाय, तिला 'हे पाणी न्हवं' येवढं सांगायला कोणता ठराव लागतो रे?

मी तलवाड्याच्या शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांकडं गेलते. तू लिहिलंस ते खरं हाय म्हणले. पेटत न्हाई, वास न्हाई, रंग न्हाई. पण तू अर्धंच लिहिलंस. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. सुटला की खाली बसतो, खड्ड्यात, नाल्यात, विहिरीत. जिथं बसतो तिथली हवा वर ढकलतो. माणसाला कळत बी न्हाई, आन माणूस आडवा होतो. सोड्याच्या बाटलीत घोटभर असतो. तुमी अकरा किलोमीटर दाबून भरणार.

तुला हे शाळेत शिकायची गरज न्हवती. आपल्या वडलांनी, आबांनी, शिकवलं होतं. दर उन्हाळ्यात आबा इथं गाळ काढायला यायचे तवा काय करायचे? उतरायच्या आधी पेटता कंदील रशीला बांधून तळापर्यंत सोडायचे. कंदील जळत राहिला तर उतरायचं, विझला तर न्हाई. आन त्यांचा दुसरा नियम आठव. जो म्हणंल विहीर चांगली हाय, त्यानंच पहिलं उतरायचं. दुसऱ्याला पुढं घालायचं न्हाई. तू तेरा वर्षांचा होतास, कंदिलाची रशी तुझ्याच हातात असायची.

आता आणखी ऐक. मी काल वरच्या सडकेनं चालत गेले. सडकेच्या कडंला चुन्यानं रंगवलेल्या खुंट्या हायेत, त्यांच्यावर तुमच्या कारखान्याचं नाव हाय. म्हणजे लाइन आधी सडकेनं, उंचावरून जाणार होती. ती नाल्यात कुणी आणली? सडकेच्या कडंला कुणाची मोसंबीची बाग हाय ते पूर्ण तालुक्याला ठाऊक हाय.

लाइन परत सडकेला न्या. तसं लिहून दे. मी तहसीलला अर्ज दिला, वस्तीतल्या एकोणीस घरांच्या सह्या घेऊन. ह्या सह्या मात्र आमी वाचून केल्यात.

अंजना

*

कारखाना वसाहत
११ एप्रिल २०१६

आक्का,

तुझ्या अर्जाची प्रत चेअरमनसाहेबांच्या टेबलावर आली. सगळ्या संचालकांसमोर त्यांनी मला विचारले, "बिभीषणराव, घरच्या माणसाला सांभाळता येत नाही का?" तुला यातून काय मिळाले?

मार्ग बदलला तो तांत्रिक कारणाने. त्यात बागेचा संबंध नाही. जागोजागी व्हॉल्व्ह आहेत, दाब कमी झाला की लाइन आपोआप बंद होते. शाळेतल्या मास्तरला हे माहीत नसणार. कंपनीचे इंजिनियर पुण्याहून येतात.

१९ तारखेला पहाटे चाचणी आहे. काहीही होणार नाही, ही माझी जबाबदारी. आता हा विषय वाढवू नकोस. वस्तीतल्या लोकांना भडकवून उद्या चारशे घरांची चूल विझली तर ते पाप कुणाच्या डोक्यावर?

बिभीषण

*

खोलवस्ती
२२ एप्रिल २०१६

बिभीषण,

धुळाजीची सदतीस मेंढरं मेली.

१९ तारखेला सकाळी. नाल्यात जाळीच्या वाघरीत बसवली होती, दरवर्षी बसवतो तशी. दिवस उगवायच्या टायमाला धुळाजी वर घरी चहा घ्यायला आला. दगडाबाईनं चहा गाळला, त्यानं पिला, खाली गेला. उतारावरूनच त्याला मेंढरं आडवी दिसली. तो पळत निघाला तर मधीच त्याला गरगरलं, गुडघ्यावर बसला. मागोमाग आलेल्या दगडाबाईनं त्याच्या धोतराला धरून मागं वढला. ती नसती तर मी आज मेंढरांचं लिहिलं नसतं.

दुपारी तुमची जीप आली. सोबत कारखान्याचा जनावरांचा डॉक्टर. त्यानं नाकाला रुमाल लावून दोन मेंढरं उलटी केली आन लिहिलं, किराळ लागून मेली. कोवळं कडवळ, ज्वारीचा हिरवा चारा, खाल्लं की ढोराला किराळ लागते, ते मला बी ठाऊक हाय, मी काय शहरात वाढले न्हाई. पण कोवळं कडवळ आणायचं कुठून? पूर्ण तालुक्यात हिरवं पान औषधाला न्हाई. मेंढरं बाभळीच्या वाळल्या शेंगांवर जगत होती. आन धुळाजीचा कुत्रा बी मेला, वाघरीच्या तोंडाशी. कुत्रा कडवळ खातो का रे?

त्या पंचनाम्यावर पंच म्हणून खाली कुणाची सही हाय? 'बिभीषण, संचालक'. तू तर जीपमधी न्हवतास. तू नाल्यात पाय ठिवला न्हाईस. घरी बसून सही केलीस.

लाज वाटू दे. तुला मी जेवू घातलंय, त्याची मला लाज वाटायली.

आता पुढचं नीट वाच, कारण यात जीव हाय. टँकर आठ दिवस आला न्हाई. विहिरीत गाळाखाली पाझर हाय, गाळ काढला तर दोन-चार घागरी पाणी सुटंल. ते काम दरवर्षी धुळाजी करतो. मी काल कंदील सोडला. दुसऱ्या टप्प्याच्या खाली गेला आन विझला. वर काढला, पेटवला, परत सोडला. तीनदा. तीनदा तिथंच विझला. वरच्या धारेपासून दोन पुरुष खाली गॅस बसून हाय.

धुळाजी म्हणतो, कंदिलात रॉकेल कमी असंल. म्हणतो, गॅस असता तर कारखान्यानं लिहिलं असतं, त्यांनी तर किराळ लिहिलंय. म्हणतो, बिभीषणभाऊची सही हाय, भाऊ खोटी सही कावून करंल?

ऐकलंस? तुझ्या सहीवर इश्वास ठिवून तो मरायला निघालाय. सोमवारी उतरणार म्हणतो. वस्तीत प्यायला पाणी न्हाई, लोक त्याला अडवायच्या ऐवजी रशी आणून देतील. मी विहिरीच्या थारोळ्यावर, काठाच्या दगडी कट्ट्यावर, बसून हाय. तुझे दाजी धोंडीराम भाकरी हितं आणून देतात. दूधगाडीवाल्याच्या हातात हे पत्र देते. मी किती दिवस बसू ते तू सांग.

अंजना

*

कारखाना वसाहत
२३ एप्रिल २०१६

आक्का,

धुळाजीला उतरू देऊ नको. त्याला धरून ठेव, बांधून ठेव, पण उतरू देऊ नको. त्याच दूधगाडीनं हे पत्र परत पाठवतोय.

किराळ न्हाई ते. १९ तारखेला चाचणी चालू असताना चार नंबरचा व्हॉल्व्ह अडकला. तो तुमच्या वस्तीच्या वरच्या अंगाला हाय. आपोआप बंद होणारी यंत्रणा अजून बसवलेलीच न्हवती. मी तुला लिहिलं ते मला सांगितलं होतं तसं लिहिलं, मी बघितलं न्हवतं. अडीच तास गॅस नाल्यात सुटत राहिला. मला सकाळी आठला कळलं. दुपारनंतर चेअरमनसाहेबांनी बोलावलं, पंचनामा तयारच होता. म्हणले, तुमच्या गटातला माणूस हाय, तुमची सही असली की लोक गप बसतील. मी केली. मी वाचून केली, आक्का. तू साखरेच्या पानावर न वाचता केलतीस, मी वाचून केली.

मोसंबीचं बी खरं हाय. सडकेच्या आखणीत साहेबांच्या बागेतली दोन ओळी झाडं जात होती. म्हणून लाइन नाल्यात आणली. मी त्या बैठकीत होतो. मला वाटलं नाल्यात कोण राहतं. खरंच असं वाटलं, मी तिथं पाच वर्षं राहिलेला माणूस.

सोबत जुन्या आखणीचा नकाशा आन त्या पहाटेच्या दाबाच्या नोंदीचं पान हाय. डिस्टिलरीतल्या ऑपरेटरनं माझ्या सांगण्यावरून झेरॉक्स दिलं. तुला काय करायचं ते कर.

तुझा
बिभीषण

*

खोलवस्ती
२४ एप्रिल २०१६

बिभीषण,

कागद पोचले. तुझं पत्र मी धुळाजीला थारोळ्यावर बसवून वाचून दाखवलं. त्यानं दोनदा वाचायला लावलं. मग रशी गुंडाळली, खांद्यावर टाकली आन घरी गेला. मला शिवी दिली असती तरी चाललं असतं, तुला दिली असती तर लईच बरं वाटलं असतं.

नकाशा आन नोंद परत पाठवते. 'तुला काय करायचं ते कर' हे मला लिहू नको. मी काय करणार? मी कागद घेऊन गेले तर भाऊ-बहिणीचं भांडण म्हणतील आन चहा पाजून घरी लावतील. खोटी सही तुझी हाय. ती खोटी हाय असं सांगणारी सही बी तुझीच पायजे.

उद्या तहसीलला जा. तिथून बीडला जा. कुणाला बोलावून घेऊ नको, स्वतः जा. चारशे घरांची चूल तू मला सांगितलीस. त्या चारशे माणसांना तू कधी सांगितलंस का, की साहेबांची मोसंबी वाचवायला तुमची चूल आमी एकोणीस घरांच्या जिवावर ठिवली?

अंजना

*

बीड
१३ मे २०१६

आक्का,

काम थांबलं.

काल जिल्ह्याच्या कचेरीतून आदेश निघाला. सुरक्षेची तपासणी होईपर्यंत लाइनचं बांधकाम आणि वापर तात्पुरता स्थगित. यंत्रणा बसवल्याशिवाय, लोकवस्तीपासूनचं अंतर तपासल्याशिवाय, आणि ग्रामसभेत वाचून घेतलेल्या संमतीशिवाय पुढं काही करता येणार न्हाई. 'वाचून घेतलेल्या' हे शब्द मी माझ्या जबाबात लिहिले होते, ते तसेच आले.

जबाब दिला त्या दिवसापासून वसाहतीत माझ्याशी कुणी बोलत न्हाई. डिस्टिलरी बंद हाय. पाळीची माणसं गेटवर बसून असतात, मी गेलो की मान फिरवतात. एक जण थुंकला. त्यांचं बी चुकत न्हाई, त्यांना घरी बसवलंय. अर्जुनरावांनी संचालक मंडळाच्या बैठकीत मला उभं करून राजीनामा मागितला. मी लिहून दिला. खोली सोडली. सध्या बीडला एका मित्राकडं हाय.

धुळाजीच्या मेंढरांचा पंचनामा रद्द झालाय, नवीन होणार हाय. त्यात खरं कारण लिहिलं जाईल.

आक्का, तू सांगितलंस ते सगळं केलं. दोन महिने झाले, तुझ्या एकाही पत्रात आशीर्वाद न्हाई. आता तरी दे.

तुझा
बिभीषण

*

खोलवस्ती
२० मे २०१६

बिभीषण,

तुझं पत्र वस्तीत सगळ्यांना वाचून दाखवलं. बायका हसल्या, मग रडल्या. दगडाबाई हातात राखेचं टोपलं घेऊन नाल्यात गेली आन त्या पाइपाचं हळदीकुंकू घासून काढलं. म्हणली, देवाचं देवाला, ह्याला कशाला.

तू केलंस ते केलंस. मी न्हाई म्हणत न्हाई. पण लई मोठं केलंस असं बी मला म्हणायला लावू नको. एक महिना आधी केलं असतंस तर सदतीस मेंढरं आज चरत असती. आन स्थगित म्हणजे बंद न्हवं. पाइप अजून आमच्या जमिनीतच हाय. अर्जुनरावांची मोसंबी बी जागेवर हाय. तपासणीला माणसं येतील, तवा मी नाल्यात उभी असंन आन प्रत्येक कागद मोठ्यानं वाचायला लावीन. अंगणवाडीचं रजिस्टर अजून निम्मं कोरं हाय.

गेटवरच्या माणसांचं मला लागलं. त्यांना सांग, आमचा राग त्यांच्यावर न्हाई. लाइन सडकेनं नीट घातली असती तर कुणाचीच चूल विझली नसती. हे तू त्यांना गेटवर उभं राहून सांग. थुंकले तर थुंकू दे.

आता विहिरीचं. सहा दिवस आमी लिंबाचा मोठा डहाळा रशीला बांधून खालीवर करायलोय, सकाळी बायका आन उन्हं उतरल्यावर गडी. आबा करायचे तसं. आतली हवा ढवळून बाहेर काढायची. रोज कंदील सोडते. परवा तिसऱ्या टप्प्यावर विझला. काल तळाच्या हातभर वर विझला. आज सकाळी पार गाळापर्यंत गेला, मी शंभर आकडे मोजले, आन वर आला तवा जळत होता.

टँकरचा अजून भरवसा न्हाई. गाळ काढावा लागंल. धुळाजी लगेच धोतर खोचून पुढं आला. मी त्याला उतरू दिलं न्हाई. त्याला म्हणलं, तू एकदा सहीवर इश्वास ठिवून उतरायला निघालतास, आता तुझी पाळी न्हाई.

तपासणीवाले येतील तवा येतील. पण ही विहीर किराळीच्या पंचनाम्यानं चांगली ठरवलीस ती तू. आबांचा नियम तुला मी लिहिलाय, परत लिहीत न्हाई.

रविवारी सकाळच्या गाडीनं ये. जुनं धोतर घेऊन ये, गाळात खराब होतं. कंदील मी सोडीन, तुझ्या डोळ्यांदेखत. जळत राहिला तर कमरेला रशी बांधायची आन पहिला तू उतरायचं. वरून रशी धोंडीराम धरतील आन त्यांच्यामागं धुळाजी. हो, धुळाजीच. त्याला इचारलं, धरशील का? त्यानं रशी हातावर ताणून बघितली, म्हणला, धरीन.

गाळाच्या पहिल्या पाच पाट्या तू भरायच्या. वर आलास की हातपाय धू, जेव.

आशीर्वाद तवा देईन.

आक्का